ग्राफ वाचायचा असेल तर फेरीबोटीत बस

पत्र:

"टीचर, मी चोडणला राहते आणि पणजीत हायर सेकंडरीला अकरावी सायन्स करते. चौथीपर्यंत मराठीतून शिकले, पाचवीपासून सगळं इंग्रजी. गतीची समीकरणं मला येतात. आकडे दिले की उत्तर काढते. पण ग्राफ आला की डोकं चालेनासं होतं. परवाच्या टेस्टमध्ये वेग आणि काळ यांचा ग्राफ होता. शून्यापासून रेघ सरळ वर, चौथ्या सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद, मग सरळ खाली, आठव्या सेकंदाला परत शून्य. विचारलं होतं, आठव्या सेकंदाला वस्तू कुठे आहे? मी लिहिलं, 'निघाली तिथेच परत आली.' मार्क शून्य. दुसरा प्रश्न वर फेकलेल्या चेंडूचा. सगळ्यांत वर पोचल्यावर वेग शून्य असतो, म्हणून मी ॲक्सिलरेशनही शून्य लिहिलं. तेही चुकलं. मैत्रीण म्हणते, स्लोप म्हणजे काय आणि एरिया म्हणजे काय ते पाठ कर. केलं पाठ. पण कुठे स्लोप घ्यायचा आणि कुठे एरिया, तेच कळत नाही. बाबा म्हणतात, अजून उशीर झालेला नाही, कॉमर्सला जा. काय करू?"

उत्तर:

बाये,

तुझं चुकलेलं उत्तर मी दोनदा वाचलं. 'निघाली तिथेच परत आली.' हे उत्तर ठोकून दिलेलं नाही. रेघ शून्यावरून निघाली आणि शून्यावर आली, हे तू नीट पाहिलंस आणि त्याचा अर्थही लावलास. उभ्या अक्षावर स्थान असतं, तर तुझं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पण तिथे वेग होता. म्हणजे तू एका वेगळ्याच ग्राफचं बरोबर उत्तर लिहून आलीस. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. चूक नेमकी कुठे झाली ते कळलं की ती सुधारायलाही तेवढ्याच जागी हात घालावा लागतो, म्हणून सांगते.

आणि या चुकीत तू एकटी नाहीस. अमेरिकेत रॉबर्ट बाइकनर यांनी १९९४ मध्ये गतीचे ग्राफ वाचण्यावर २१ प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. कॉलेजात फिजिक्स शिकणारी मुलंही तिच्यात अडखळली, आणि वेगाचा ग्राफ स्थानाचा समजून वाचणं ही त्यांच्या ठरलेल्या चुकांपैकी एक होती. मी शिकवत होते त्या वर्गांतही दरवर्षी हेच दिसायचं. हुशार मुलांच्या वह्यांतसुद्धा.

तर आता स्कूटरचा विचार कर. बाबांच्या मागे बसलीस की त्यांच्या खांद्यावरून वेगाचा काटा दिसतो ना? काटा शून्यावर होता. गाडी निघाली, काटा वर चढत गेला. पुढे कोणी आडवं आलं, बाबांनी हळूहळू ब्रेक लावला, काटा खाली आला आणि शून्यावर टेकला. गाडी घरी परत आली का? नाही. ती वाटेत, घरापासून बरीच पुढे उभी आहे. तुझ्या टेस्टमधला ग्राफ म्हणजे या काट्याची डायरी. काटा कुठे होता ते तीत आहे, गाडी कुठे होती ते नाही.

मग गाडी किती पुढे गेली ते कसं काढायचं? इथे एरिया लागतो, आणि तो का लागतो हे कळलं की पाठ करायची गरजच उरत नाही. वेग सारखा २ असेल आणि ५ सेकंद गेले, तर अंतर १० मीटर. ग्राफवर ही २ उंच आणि ५ रुंद अशी एक चौकट झाली, आणि गुणाकार म्हणजे तिचं क्षेत्रफळ. वेग बदलत असेल तर अगदी अरुंद चौकटी शेजारी शेजारी उभ्या कर. प्रत्येक चौकट म्हणजे तेवढ्या क्षणात कापलेलं थोडंसं अंतर. सगळ्यांची बेरीज म्हणजे रेघेखालची जागा. तुझ्या ग्राफमध्ये तो त्रिकोण आहे, पाया ८, उंची ६. निम्मा गुणाकार २४. वस्तू आठव्या सेकंदाला सुरुवातीपासून २४ मीटर पुढे आहे. एककं बघ, मीटर प्रति सेकंद गुणिले सेकंद म्हणजे मीटर. परीक्षेत गोंधळलीस तर एककांना विचार, ती सहसा दगा देत नाहीत.

चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने वेगाच्या अशाच आकृत्या काढून क्षेत्रफळ म्हणजे अंतर हे दाखवलं होतं. म्हणजे गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथाच्याही कितीतरी आधी, समीकरणं आज लिहितो तशी लिहिण्याची रीतच नव्हती तेव्हा. तुझ्या पुस्तकातलं समीकरण त्या त्रिकोणातून आलेलं आहे, त्रिकोण समीकरणातून नाही. म्हणून मी मुलांना आधी ग्राफ आणि मग सूत्र असं शिकवत असे.

आता तुझ्या रोजच्या फेरीकडे येते. बाये, चोडणच्या माणसाला गतीचे ग्राफ शिकायला याहून चांगली जागा मिळणार नाही. फेरीबोट मांडवी नदीत चोडणहून रायबंदरला जाते, थांबते, परत येते. प्रवाहामुळे तिची वाट थोडी वाकते, ते तूर्त सोडून देऊ आणि वाट सरळ धरू. चोडणचा धक्का म्हणजे शून्य. रायबंदरची दिशा अधिक. समजा अंतर ६०० मीटर आहे आणि बोट ३०० सेकंदांत पलीकडे पोचते. हे आकडे सोयीचे घेतलेत, खरे तू घड्याळ लावून मोज.

स्थानाचा ग्राफ काढ. रेघ शून्यावरून ६०० पर्यंत तिरकी चढते. मग बोट रायबंदरला लागते, गाड्या उतरतात, दुसऱ्या चढतात, तेवढा वेळ रेघ ६०० वर आडवी. मग तिरकी उतरत शून्यावर. आता त्या आडव्या तुकड्याकडे बघ. ग्राफमधली ही सगळ्यांत उंच जागा, आणि बोट तिथे चक्क उभी आहे. उंच म्हणजे जोरात असं अनेकांना वाटतं. स्थानाच्या ग्राफमध्ये उंच म्हणजे फक्त लांब. जोर किती ते रेघेच्या चढावरून, म्हणजे स्लोपवरून, कळतं: ६०० भागिले ३००, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद. परतताना चढ उणे २. उणे म्हणजे बोट हळू झाली असं नाही, ती चोडणकडे येते आहे.

आता त्याच प्रवासाचा वेगाचा ग्राफ. ३०० सेकंद अधिक २ वर आडवी रेघ, मग शून्यावर आडवी, मग अक्षाच्या खाली उणे २ वर आडवी. पहिल्या ग्राफमध्ये जे तिरकं होतं ते इथे आडवं झालं. एकच बोट, एकच प्रवास, आणि दोन ग्राफ एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. दोन्ही एकाखाली एक काढ, काळाची मापं जुळवून. वेगाच्या ग्राफमध्ये अक्षाच्या वरच्या चौकटीचं क्षेत्रफळ अधिक ६००, अक्षाच्या खालच्या चौकटीचं उणे ६००. बेरीज शून्य, म्हणजे विस्थापन (निघालीस तिथून किती सरकलीस ते) शून्य, तू परत चोडणला. पण पाण्यावरून कापलेलं अंतर १२०० मीटर. म्हणजे वेगाच्या ग्राफवरून 'परत आली' असं म्हणायचं असेल, तर रेघ अक्षाच्या खाली जायला हवी आणि खालची जागा वरच्या जागेएवढी भरायला हवी. टेस्टमधली रेघ खाली गेलीच नव्हती.

आता चेंडूचा प्रश्न. त्याचं उत्तर रायबंदरच्या धक्क्याजवळ आहे.

खरी बोट झटक्यात थांबत नाही. धक्का जवळ आला की ती हळू होते. त्या वेळी तिचा वेग रायबंदरच्या दिशेला आहे आणि कमी होतो आहे, म्हणजे त्वरण (तुझं ॲक्सिलरेशन, वेग बदलण्याचा दर) उलट, चोडणच्या दिशेला. उणे. मग बोट परत निघते. आता वेग चोडणच्या दिशेला आहे आणि वाढतो आहे, म्हणजे त्वरणही चोडणच्याच दिशेला. पुन्हा उणे! येताना हळू होत होती, जाताना जोर धरते आहे, आणि त्वरणाचं चिन्ह दोन्ही वेळा एकच. 'उणे त्वरण म्हणजे वेग कमी होणं' असं कुणी शिकवलं असेल तर ते आजच पुसून टाक. परतीच्या वाटेवर चोडण जवळ आल्यावर बोट हळू होते, तेव्हा तिच्या त्वरणाचं चिन्ह अधिक असतं. कागदावर करून बघ, पटेल.

आता अशी कल्पना कर की रायबंदरला बोट थांबलीच नाही. हळू होत होत टेकली आणि त्याच क्षणी उलटी निघाली. चेंडू अगदी हेच करतो. वर जाताना हळू होतो, त्वरण खालच्या दिशेला. खाली येताना जोर धरतो, त्वरण खालच्याच दिशेला. मधल्या एका क्षणापुरतं त्वरण नाहीसं व्हायला काही कारण आहे का? पृथ्वी त्या क्षणी ओढायची थांबते का? वेग शून्य असणं आणि वेग बदलत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांत वर त्वरण खरंच शून्य झालं असतं, तर वेग शून्य तो शून्यच राहिला असता आणि चेंडू तिथेच अधांतरी लटकला असता.

चेंडू ९.८ मीटर प्रति सेकंदाने सरळ वर टाक. एक सेकंदाने वेग शून्य, दोन सेकंदांनी उणे ९.८. वेगाचा ग्राफ ही एकच सरळ रेघ आहे, वरून खाली उतरणारी. एका सेकंदाला ती शून्याचा अक्ष ओलांडते, पण तिथे मोडत नाही की वळत नाही. तिचा चढ सगळीकडे उणे ९.८, ओलांडतानासुद्धा. हा चढ म्हणजेच त्वरण. अक्षाच्या वरचा त्रिकोण ४.९ मीटर, खालचाही ४.९. चेंडू ४.९ मीटर वर गेला आणि हातात परत आला.

चेंडूच्या स्थानाच्या ग्राफपासून मात्र सांभाळून राहा. तो कमानीसारखा दिसतो, एखादा तिरका फेकलेला चेंडू हवेतून जावा तसा. आणि लगेच वाटतं की हे चेंडूच्या वाटेचं चित्र आहे. चेंडू तर सरळ वर जाऊन सरळ खाली आला! कमान झाली ती काळ उजवीकडे सरकत होता म्हणून. मराठीत एक अडचण आणखी आहे. गणितात आपण स्लोपला 'चढ' म्हणतो, आणि चोर्ला घाटाच्या रस्त्यालाही 'चढ'च म्हणतो. मी एकदा वर्गात स्थानाचा ग्राफ काढून विचारलं होतं, ही गाडी काय करते आहे, तर निम्म्या वर्गाने सांगितलं, घाट चढून उतरते आहे. ग्राफ म्हणजे रस्ता नव्हे.

याला मी एक उपाय सांगत असे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात एक उभी, बारीक फट काप. पुठ्ठा ग्राफवर ठेव आणि सावकाश उजवीकडे सरकव. आता तुला सगळी रेघ दिसणार नाही, फटीतून फक्त एक ठिपका दिसेल, वर किंवा खाली सरकणारा. सरकवण्याआधी उभ्या अक्षावरचं नाव मोठ्याने वाच. 'स्थान' असेल तर तो ठिपका म्हणजे बोट. 'वेग' असेल तर तो ठिपका म्हणजे काट्याचं टोक. चार-पाच दिवस हे केलंस की पुठ्ठ्याशिवायही तसंच दिसायला लागेल.

परीक्षेत हमखास येणारा आणखी एक फसवा प्रकार म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. तू फेरीतून उतरून पणजीला जातेस तो रायबंदरचा सरळ रस्ता पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या पुलाचा आहे, तीन किलोमीटरच्या आसपास लांब. त्या रस्त्यावर एक बस उभी आहे असं समज. तिच्या शेजारून एक स्कूटर सारख्या ८ मीटर प्रति सेकंद वेगाने गेली आणि त्याच क्षणी बस निघाली, दर सेकंदाला तिचा वेग १ ने वाढतो आहे. वेगाच्या ग्राफवर स्कूटरची रेघ आडवी, बसची तिरकी, आणि आठव्या सेकंदाला दोघी छेदतात. बसने स्कूटरला गाठलं का? क्षेत्रफळं काढ. स्कूटर ६४ मीटर, बस ३२ मीटर. बस ३२ मीटर मागे आहे, आणि बस मागे असेपर्यंतचं हे दोघींमधलं सगळ्यांत मोठं अंतर आहे, कारण आतापर्यंत स्कूटर जास्त वेगात होती आणि इथून पुढे बस. बस गाठते ती सोळाव्या सेकंदाला, १२८ मीटरवर. वेगाच्या ग्राफवर रेघा छेदल्या की वेग सारखे. भेट झाली असं त्यातून निघत नाही.

भेट दिसते ती स्थानाच्या ग्राफवर. रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये गाड्यांचा असाच तक्ता असतो, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर स्टेशनं: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. खाली जाणाऱ्या गाड्या एका बाजूला कललेल्या, वर येणाऱ्या दुसऱ्या बाजूला. कोकण रेल्वेचा मार्ग अजूनही बराचसा एकेरी आहे. तेव्हा समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा छेदायच्या असतील तर त्या स्टेशनच्या ओळीवरच छेदायला हव्यात, जिथे एकीला बाजूच्या रुळावर घेता येतं. थिवीला गाडी बराच वेळ उभी राहिली आणि समोरून दुसरी धडधडत गेली, की समज, ग्राफवरचा एक छेद तू खिडकीतून पाहिलास. हे मला स्वतःला कळलं तेव्हा मी वर्गात धावत येऊन फळ्यावर काढलं होतं. ग्राफ केवळ मार्कांसाठी नसतात हे मुलांना त्या दिवशी जेवढं पटलं तेवढं पुस्तकाने कधी पटवलं नव्हतं.

आता काय करायचं ते सांगते. अंगणात तुळशीपाशी खडूने शून्य लिही आणि तिथून एका सरळ रेघेत पावलापावलावर खुणा कर. भाऊ, बहीण, मैत्रीण, कोणीही सेकंदासेकंदाला टाळी वाजवेल. तू चाल, थांब, परत फिर, आणि दुसरं कोणी तुझा स्थानाचा ग्राफ काढेल. मग उलट कर: तिने मनाने ग्राफ काढायचा आणि तू तो चालून दाखवायचा. रेघ आडवी आली की पाय आपोआप थांबतात. रेघ वळत वळत उभी होऊ लागली की तुला पळावं लागतं. आणि तिने मुद्दाम अगदी उभी रेघ काढली, तर तुला ती चालता येणार नाही, कारण एकाच क्षणी अनेक ठिकाणी असावं लागेल. तुझ्या टेस्टमधला त्रिकोणही चालून बघ. आधी हळू, मग भरभर, मग परत हळू, मग उभी. तू तुळशीपासून लांब उभी असशील. ती जागा पायांना कळली की मग त्या चालण्याचा स्थानाचा ग्राफ काढ: सुरुवातीला जवळजवळ आडवा, मध्यावर सगळ्यांत तिरका, शेवटी पुन्हा आडवा होत २४ वर टेकणारा.

आणि हे सगळं आधी मराठीत बोल. तू पाचवीपासून इंग्रजीत शिकतेस, ते ठीकच आहे, पेपरही इंग्रजीतच लिहायचा आहे. पण 'व्हेलॉसिटी' आणि 'पोझिशन' हे दोन्ही शब्द तुला परीक्षेतलेच वाटत असतील तर त्यांची अदलाबदल होणारच. 'कुठे आहे' आणि 'किती जोरात, कुठल्या दिशेला' या दोन प्रश्नांची अदलाबदल तू घरी कधी करत नाहीस. ग्राफच्या प्रत्येक तुकड्याला एक वाक्य दे, आजीला सांगावं तसं: बोट निघाली, एकसारखी गेली, पलीकडे थांबली, परत आली. मग ते वाक्य इंग्रजीत लिही.

बाबांना माझा नमस्कार सांग. कॉमर्स वाईट नाही, आणि तुला ते मनापासून आवडत असेल तर आनंदाने जा. पण दोन चुकलेल्या ग्राफांमुळे जाऊ नकोस. तुला समीकरणं येतात, चूक झाली हे कळतं, आणि ती का झाली हे विचारायला तू पत्र लिहितेस. मी बाबांकडे तुझ्यासाठी पुढच्या युनिट टेस्टपर्यंतची मुदत मागते. तोवर रोज एक ग्राफ, जास्त नको.

पहिला ग्राफ मीच देते. समज, एक फेरीबोट चोडणहून निघते, त्याच क्षणी दुसरी रायबंदरहून. पहिली ३०० सेकंदांत पलीकडे पोचते, दुसरी भरलेली आहे, तिला ४०० लागतात. दोन्हींचे स्थानाचे ग्राफ एकाच कागदावर काढ. त्या नदीत कुठे आणि कितव्या सेकंदाला एकमेकींसमोर येतात ते नुसत्या ग्राफवरून वाच, आणि मग समीकरणाने ताडून बघ. उत्तर मला पाठव, ग्राफसकट.

तुझी,
टीचर